सरावाने नेमके काय वाढते?

आकाशाला गवसणी घालण्याची स्वप्ने पाहणारी मुले-मुली आपल्या समाजात पूर्वीही होती. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांची संख्या वाढलेली दिसते. त्याला कारणेही तशीच आहेत. २०२५ च्या जून-जुलैमध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अठरा दिवस मुक्काम केला. १९८४ मधील राकेश शर्मा यांच्या उड्डाणानंतर एकेचाळीस वर्षांनी एक भारतीय पुन्हा अंतराळात गेला. त्याच वर्षी मे महिन्यात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आणि आपल्या वडोदऱ्यात तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ या वाहतूक विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. घरच्या अंगणातच विमान बांधले जाऊ लागल्यावर मुलांनी वर पाहू नये तर काय करावे?

या उत्साहाबरोबर एक नवा प्रश्न आपल्या दवाखान्यांत येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी हवाई दलाच्या निवडीसाठी गांधीनगरला जाणार असते, अथवा एखाद्या विमान कंपनीच्या कॅडेट पायलट कार्यक्रमाची परीक्षा देणार असते. पालक विचारतात, "डॉक्टरसाहेब, मेंदूच्या व्यायामाचा संगणकावरचा एक कोर्स आहे. मुलाच्या कुवतीप्रमाणे तो आपोआप अवघड होत जातो म्हणे. त्याने स्मरणशक्ती, एकाग्रता, निर्णयशक्ती सगळेच वाढते. लावावा का?" हा प्रश्न शिक्षकाला न विचारता डॉक्टरला विचारला जातो, कारण जाहिरातीत 'मेंदू' हा शब्द असतो. त्यामुळे त्याचे उत्तर देण्याची जबाबदारीही आपल्यावर येते, असे मी मानतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयीचे माझे मत मांडत आहे.

मत आरंभीच स्पष्ट सांगतो. सराव ज्या कामाचा, वाढ त्या कामाची. कुवतीप्रमाणे बदलणारे प्रशिक्षण हे उत्तम साधन आहे. परंतु ते कौशल्य घडवते, बुद्धी वाढवत नाही. आणि असा सराव जर निवडीच्या दिवशी खरोखर उपयोगी पडत असेल, तर तो ऐपतीप्रमाणे विकत घेण्याची वस्तू राहता कामा नये. निवड करणाऱ्या संस्थेनेच तो प्रत्येक उमेदवाराला सारखा द्यावयास हवा.

पद्धत जुनीच, वेष्टन नवे

कुवतीप्रमाणे बदलणारे प्रशिक्षण, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'अ‍ॅडॅप्टिव्ह ट्रेनिंग' म्हणतात, ते समजण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्रांच्या ऑडिओमेट्रीच्या खोलीत तीच पद्धत रोज वापरली जाते. रुग्णाला आवाज ऐकू आला की तो दहा डेसिबलने खाली आणायचा, ऐकू आला नाही की पाच डेसिबलने वर न्यायचा, आणि असे वर-खाली करीत त्याच्या श्रवणाच्या उंबरठ्याशी पोहोचायचे. फरक एवढाच, की तपासणीत आपण उंबरठा सापडला की थांबतो. प्रशिक्षणात शिकणाऱ्याला त्या उंबरठ्यावरच बराच काळ उभे ठेवले जाते. काम फार सोपे झाले तर तो कंटाळतो, फार अवघड झाले तर हात टेकतो. दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात शिकणे सर्वांत चांगले होते. चांगला गवई शिष्याला तान शिकवताना दुसरे काय करतो?

यंत्राकडून हे काम करून घेण्याची कल्पनाही नवी नाही. इंग्लंडमध्ये गॉर्डन पास्क यांनी १९५६ मध्ये पंच-कार्डाच्या कळफलकावर काम शिकवणारे एक यंत्र तयार केले होते. शिकणाऱ्याची बोटे कोणत्या कळीवर अडखळतात याची नोंद ते यंत्र ठेवी, त्या कळी अधिक वेळा विचारी आणि हात बसत गेला की मदतीचे दिवे मंद करीत जाई. आजचे संगणकीय कार्यक्रम त्याचेच वारस आहेत. पास्क यांचे यंत्र मात्र कळफलक शिकवतो एवढेच म्हणत होते. आयुष्य बदलून देतो असे म्हणत नव्हते.

पुरावा काय सांगतो?

एका विषयाचा अभ्यास केल्याने सर्वसाधारण बुद्धी वाढते का, हा वाद शतकाहून जुना आहे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच प्रयोगांती सांगितले होते, की एका कामातील सराव दुसऱ्या कामात उतरतो तो त्या दोन कामांत जेवढे घटक समान असतील तेवढाच. पुढे २००८ मध्ये याच्या उलट एक निष्कर्ष गाजला. पडद्यावरील चौकोनाची जागा आणि कानावर पडणारे अक्षर ही दोन्ही काही पायऱ्यांपूर्वीच्यांशी जुळतात का, हे सतत सांगत राहण्याचा 'ड्युअल एन-बॅक' नावाचा सराव आहे. उत्तरे बरोबर आली की पायऱ्या वाढतात, चुकली की कमी होतात. या सरावाने केवळ स्मृती नव्हे, तर नव्या समस्या सोडवण्याची बुद्धीही वाढते, असे सुसान येगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. जगभर त्याचे स्वागत झाले आणि बाजारही उभा राहिला.

परंतु त्या प्रयोगात तुलनेसाठी घेतलेल्या गटाला काहीच काम दिलेले नव्हते. औषधाची तुलना औषध न घेणाऱ्यांशी केली आणि साखरेची गोळी कोणालाच दिली नाही, तर आपण तो निष्कर्ष मान्य करू का? २०१३ मध्ये रेडिक आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या गटालाही वेगळा, तितकाच गुंतवून ठेवणारा सराव दिला. तेव्हा बुद्धीतील वाढ दिसली नाही. त्याआधी २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ११,४३० व्यक्तींवरील सहा आठवड्यांच्या प्रयोगाचा अहवाल आला होता. ज्या खेळांचा सराव केला त्यांत लोक सुधारले. त्यांच्याशी मिळत्याजुळत्या इतर चाचण्यांतही ती सुधारणा उतरली नाही. २०१६ मध्ये सात मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. सराव केलेल्या कामात सुधारणा होते याला भरपूर पुरावा, जवळच्या कामात होते याला कमी, आणि दूरच्या किंवा रोजच्या जीवनातील कामात होते याला फारच थोडा, असा त्याचा सारांश आहे. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'लुमॉसिटी' या खेळांच्या कंपनीवर फसव्या जाहिरातींचा आरोप ठेवला आणि कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.

एवढ्यावरून 'हे सगळे थोतांड आहे' असे म्हणणे मात्र घाईचे होईल. दुसऱ्या बाजूलाही वजनदार पुरावा आहे, आणि तो थेट विमानाशी संबंधित आहे.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात संशोधनासाठी 'स्पेस फोर्ट्रेस' नावाचा एक संगणकीय खेळ तयार झाला. घर्षण नसलेल्या अवकाशात यान सांभाळायचे, किल्ल्यावर मारा करायचा, समोर येणारा सुरुंग मित्राचा की शत्रूचा हे अक्षरावरून ओळखायचे आणि दारूगोळ्याचा हिशेबही ठेवायचा, अशी त्याची रचना. इस्रायलच्या डॅनियल गोफर यांनी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना त्याचा दहा तास सराव दिला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, खेळाचा सराव केलेल्यांची नंतरच्या प्रत्यक्ष उड्डाणांतील कामगिरी सराव न केलेल्यांपेक्षा चांगली ठरली. इस्रायली हवाई दलाने तो खेळ आपल्या नियमित प्रशिक्षणात समाविष्ट केला.

तो खेळ विमानासारखा दिसत नव्हता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. मग सराव उतरला कसा? त्याचे मर्म गोफर यांच्या शिकवण्याच्या पद्धतीत आहे. कधी यानाच्या नियंत्रणाला महत्त्व द्या, कधी सुरुंगांना, असे सांगून ते प्रशिक्षणार्थींना आपले लक्ष हेतुपूर्वक वाटून द्यायला शिकवत होते. वैमानिकाला कॉकपिटमध्ये अखंड हेच करावे लागते. म्हणजे दोन कामांतील समान घटक दिसण्यात नव्हता, मागणीत होता. थॉर्नडाइक यांचा नियम मोडला नाही. तो अधिक खोलवर लागू पडला.

आपल्या क्षेत्रातही याचा पडताळा आहे. २००२ मध्ये सेमोर आणि सहकाऱ्यांनी सोळा निवासी शल्यचिकित्सकांवर केलेल्या प्रयोगात, आभासी यंत्रावर ठरावीक पातळी गाठेपर्यंत सराव केलेल्यांनी प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत पित्ताशय वेगळे करण्याचे काम २९ टक्के लवकर केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची शक्यता पाचपट अधिक होती. पासष्ट वर्षांवरील २,८३२ व्यक्तींच्या अमेरिकेतील 'अ‍ॅक्टिव्ह' या मोठ्या अभ्यासात ज्यांना स्मृतीचा सराव दिला त्यांची स्मृती सुधारली, तर्काचा दिला त्यांचा तर्क, आणि वेगाने पाहून ओळखण्याचा दिला त्यांचा तो वेग. एका कप्प्यातील ठेव दुसऱ्या कप्प्यात आपोआप जमा झाली नाही.

पाठांतर आणि दृष्टी

आता वैमानिकाच्या परीक्षेकडे वळू. आपल्या हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी पूर्वी 'पीएबीटी' ही चाचणी होती. नंतर डीआरडीओने विकसित केलेली 'सीपीएसएस' ही संगणकीय पद्धत आली. जुन्या चाचणीतील एक भाग फार बोलका होता. हातातील दांडा आणि पायांखालील पेडल यांच्या साहाय्याने पडद्यावरचा पळता ठिपका चौकटीत ठेवायचा, आणि त्याच वेळी मध्येच लागणारे दिवे व मध्येच वाजणारा भोंगा बंद करायचा. हात, पाय, डोळे, कान आणि अवधान यांची एकाच क्षणी परीक्षा. ज्याने यापूर्वी जॉयस्टिकला हातही लावलेला नाही आणि ज्याने शंभर तास लावला आहे, त्यांच्यात पहिल्या दिवशी फरक दिसणारच. त्यातील किती फरक उपजत कुवतीचा आणि किती केवळ ओळखीचा, हे एका गुणसंख्येवरून सांगता येत नाही.

येथे आपल्याला इशिहाराच्या तक्त्यांची आठवण व्हावी. कोणत्या पानावर कोणता आकडा आहे हे पाठ करून आलेला उमेदवार चाचणी कदाचित पार करील; परंतु त्याला लाल आणि हिरवा दिसू लागलेला नसतो. बाजारातील पुष्कळसा 'मेंदूचा व्यायाम' या जातीचा आहे. त्याने चाचणीतील गुण वाढतात, चाचणी ज्यासाठी घेतली जाते ती गोष्ट वाढतेच असे नाही. याउलट लक्ष वाटून देण्याचा, दडपणाखाली क्रम न चुकवण्याचा, चूक झाल्यावर तिच्यात न अडकता पुढील काम पाहण्याचा सराव खऱ्या कामातही उपयोगी पडू शकतो. म्हणून कोणत्याही कोर्ससंबंधी पहिला प्रश्न 'तो आपोआप अवघड होतो का' हा नसावा. 'तो काय अवघड करतो' हा असावा.

अंतराळवीरांच्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. गगनयानासाठी ज्या चौघांची नावे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, ते चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक. प्रत्येकाच्या गाठीशी सुमारे दोन ते तीन हजार तासांचे उड्डाण. त्यांची निवड बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये झाली आणि पुढे २०२० व २०२१ मध्ये रशियाच्या गागारिन केंद्रात त्यांचे प्रशिक्षण झाले. त्या आत्मविश्वासाचा पाया पडद्यावरच्या कोड्यांनी घातलेला नाही. प्रत्यक्ष कामाच्या हजारो तासांनी घातलेला आहे.

एकच संधी, विषम तयारी

माझ्या मते या विषयातील खरा प्रश्न मेंदूचा नाही, न्यायाचा आहे. सीपीएसएस किंवा पीएबीटीमध्ये एकदा अनुत्तीर्ण झालेला उमेदवार पुन्हा उड्डाण शाखेसाठी पात्र राहत नाही. अन्य शाखांचे दार मात्र त्याला उघडे असते. या नियमामागील तर्क मला समजतो. वारंवार परीक्षा देऊ दिली तर केवळ सवयीनेच गुण वाढतील आणि निवडीचा अर्थ उरणार नाही. परंतु हाच तर्क उलटून पाहा. सवयीने गुण वाढतात हे मान्य असेल, तर परीक्षागृहाबाहेर पैसे मोजून केलेल्या सवयीनेही ते वाढणारच. मग एकुलत्या एक संधीच्या दिवशी पादऱ्याच्या किंवा डभोईच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि महिनोन्महिने सिम्युलेटरवर सराव केलेला शहरी मुलगा यांची तुलना आपण कोणत्या मापाने करतो?

आपल्या व्यवसायात आपण असे करीत नाही. स्पायरोमेट्रीत पहिल्याच फुंकरीवर आपण कोणाच्या फुफ्फुसाचे निदान करत नाही. आधी समजावून देतो, करून दाखवतो, किमान तीन मान्य फुंकरी घेतो आणि त्यातील सर्वोत्तम धरतो. कारण पहिल्या फुंकरीत फुफ्फुसापेक्षा भांबावलेपणच अधिक मोजले जाते. निवड मंडळावरही सूचना समजावून दिल्या जातात. पण घरी केलेल्या शेकडो तासांची भरपाई काही मिनिटांच्या सूचनांनी होत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की उड्डाण शाखेसाठी बोलावणे पाठवताना निवड मंडळांनीच प्रत्येक उमेदवाराला सरावाचा एक अधिकृत, विनामूल्य, कुवतीप्रमाणे बदलणारा कार्यक्रम द्यावा. मूळ चाचणीतील प्रश्न अर्थातच गुप्त राहावेत. कामाचे स्वरूप तेवढे ओळखीचे व्हावे. ज्याच्या घरी संगणक नाही त्याच्यासाठी जिल्ह्यातील सैनिक कल्याण कार्यालय किंवा एनसीसीचे केंद्र आहे. हे काही अशक्यप्राय नाही. जर्मनीत वैमानिकांची निवड करणारे हॅम्बुर्गचे डीएलआर केंद्र आपल्या उमेदवारांना तयारीसाठी सरावाचे साहित्य पुरवते, आणि त्यामुळे तेथील निवड ढिली झाली असे कोणी म्हणत नाही.

यावर आक्षेप घेतला जाईल, की सगळ्यांनाच सराव दिला तर सगळेच सारखे होतील. तसे होत नाही. सर्वांना सारखे खत-पाणी दिले तरी सर्व रोपे सारखी वाढत नाहीत. उलट तेव्हाच बियाण्यातील फरक कळतो. शिवाय हवाई दलाला पहिल्या दिवशी चांगला दिसणारा मुलगा हवा, की शिकवलेले झपाट्याने आत्मसात करणारा? सरावाच्या नोंदींतून शिकण्याचा वेगही दिसेल, आणि तो निवडीसाठी किती उपयुक्त आहे हे आपल्या संस्था तपासून पाहू शकतील. ज्या संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सर्वत्र सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेथील नागरिकांना ही मागणी अवाजवी वाटू नये.

आपण काय सांगावे?

असा कार्यक्रम येईल तेव्हा येवो. तोपर्यंत आपल्याकडे येणाऱ्या पालकांना आपण चार गोष्टी निश्चित सांगू शकतो.

पहिली, कोर्स विकणाऱ्याला विचारा की या सरावाचा परिणाम त्या खेळाबाहेर, प्रत्यक्ष कामात तपासला आहे का, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला काय दिले होते. औषध कंपनीच्या प्रतिनिधीला आपण जे विचारतो, तेच येथे विचारायचे.

दुसरी, आधी शरीर तपासून घ्या. रंगदृष्टी, चष्म्याचा क्रमांक, कान, पाठीचा कणा यांची तपासणी बारावीच्या आधीच व्हावी. महिनोन्महिने मेंदूचा व्यायाम केल्यानंतर रंगदृष्टीतील दोष कळणे यासारखे दुर्दैव नाही. ही तपासणी आपल्या मंडळाच्या सभासदांनी वर्षातून एखाद्या रविवारी शाळांत जाऊन विनामूल्य करून द्यावी, असेही मी सुचवतो.

तिसरी, झोप. डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. रात्री दोनपर्यंत एकाग्रतेचे खेळ खेळून एकाग्रता वाढवू पाहणारा मुलगा ज्या फांदीवर बसला आहे तीच तोडत असतो. दिवसाची वीस-तीस मिनिटे, त्यानंतर मैदान आणि रात्रीची पुरेशी झोप, यापेक्षा अधिक मी कोणालाही सुचवत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या चाचणीत नापास होणे म्हणजे बुद्धीने कमी असणे नव्हे. एका विशिष्ट कामासाठी, एका विशिष्ट दिवशी केलेले ते मोजमाप आहे. 'मेंदूचा कोर्स' लावून पाठवलेला मुलगा परत आला, की त्याला स्वतःचा मेंदूच कमी पडला असे वाटू लागते. ही समजूत त्या जाहिरातीनेच आधी त्याच्या मनात पेरलेली असते. ती काढून टाकणे हे समुपदेशकाचे काम आहे, आणि पुष्कळदा कुटुंबाचा डॉक्टर हाच त्या घरातील एकमेव समुपदेशक असतो.

मेंदू हा शब्द वापरला की माल खपतो, हे बाजाराने ओळखले आहे. त्या शब्दाची किंमत राखण्याचे काम आपले आहे. सरावाला माझा विरोध नाही. सरावाशिवाय ना गवई होतो, ना शल्यचिकित्सक, ना वैमानिक. सराव कशाचा, त्याने काय वाढते आणि तो कोणाकोणाला मिळतो, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिली जावीत, एवढाच माझा आग्रह आहे. आपल्या मंडळाने या विषयावर निवड मंडळांकडे एक निवेदन पाठवावे, अशी विनंती मी या लेखाद्वारे सर्व सभासदांना करीत आहे.